पिशवी वारंवार गळते? प्लेट फेकण्याआधी उलटून बघा

रात्री अडीच-तीनला जाग येते. उजव्या कुशीला कोमट ओल लागते आणि दिवा लावायच्या आधीच कळतं, पुन्हा गळली. मग चादर, कपडे, अंघोळ, नवी प्लेट, आणि पिशवीवर हात ठेवून पहाटेपर्यंत उताणं पडून राहणं. असं दोन-तीन महिन्यांतून एकदा झालं तर समजू शकतं. आठवड्यातून दोनदा होत असेल तर त्याला कारण आहे, आणि ते बहुतेक वेळा सापडतं.

कायमची इलिओस्टॉमी असलेल्यांसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. म्हणजे मोठं आतडं काढलेलं, लहान आतड्याचं टोक पोटावर, बहुधा उजवीकडे खाली, आणि ते परत आत जोडलं जाणार नाही हे पक्कं. पोटावरच्या या टोकाला स्टोमा म्हणतात. त्यातून येणारा मल पिशवीत जमतो, आणि पिशवी पोटाला चिकटणाऱ्या चकतीवर, म्हणजे प्लेटवर, बसते. माझंही तसंच आहे. पहिलं वर्षभर मी घराबाहेर जवळजवळ पडलेच नाही. ऑपरेशनची जखम भरली होती, भूक लागत होती, चालता येत होतं. मला घरात बसवलं होतं ते गळतीच्या धास्तीने. म्हणून आहार, व्यायाम, कामावर परतणं, मनाची उभारी या सगळ्याच्या आधी मी गळतीबद्दल बोलते. ती आटोक्यात आली की बाकीचं करायला माणूस मोकळा होतो.

सगळ्यात आधी एक सवय सोडा: कडेने चिकटपट्ट्या लावत जाणं. मी कित्येक महिने हेच केलं. पट्टीमुळे गळती थांबत नाही, फक्त दिसायची थांबते. मल प्लेटखाली पसरत राहतो आणि त्वचेवर तासन्‌तास बसून राहतो. बाहेर ओल दिसते तेव्हा आत त्वचा सोललेली असते. प्लेटखाली जळजळ किंवा खाज सुरू झाली तर ती गळतीची पहिली खूण समजा. वरून सगळं कोरडं दिसत असलं तरी प्लेट तेव्हाच काढा. ‘सकाळपर्यंत धकेल’ म्हणून थांबू नका.

इलिओस्टॉमीतून येणारा मल पातळ असतो आणि त्यात पाचकरस अजून सक्रिय असतात. अन्नातली प्रथिनं फोडणारे हे रस त्वचेच्या प्रथिनांनाही सोडत नाहीत. मोठ्या आतड्याच्या स्टोमाला, म्हणजे कोलोस्टॉमीला, हा त्रास इतका नसतो. त्यामुळे तिथले सल्ले जसेच्या तसे आपल्याला लागू पडत नाहीत. जुन्या काळी आतड्याचं टोक पोटाबाहेर काढून तसंच ठेवत. त्याचा बाहेरचा थर स्वतःच्याच मलाने सुजायचा, टोक आवळत जायचं आणि रोगी बेजार व्हायचा. १९५२ साली ब्रायन ब्रुक या ब्रिटिश सर्जननी साधा पण फार मोठा बदल मांडला. बाही उलटी दुमडावी तसं आतड्याचं टोक बाहेरच्या बाजूने उलटायचं आणि त्वचेला शिवायचं. आज आपल्या पोटावर दोन-तीन सेंटिमीटर वर आलेली जी तोटी दिसते ती याच पद्धतीची. मल तोटीच्या टोकातून थेट पिशवीत पडावा, बुडाशी साचू नये, एवढाच तिचा हेतू. प्लेट, रिंग, पेस्ट, बेल्ट ही सगळी मंडळी त्याच एका हेतूसाठी आहेत. तुमची तोटी आखूड असेल, त्वचेच्या पातळीवर असेल किंवा आत ओढली गेली असेल तर गळती जास्त होणारच. त्यात तुमच्या हाताचा दोष नाही.

काढलेली प्लेट वाचायची कशी

माझी गळती थांबली ती काढलेली प्लेट नीट बघायला लागल्यापासून. प्लेट म्हणजे पोटाला चिकटते ती चकती. कोणी तिला बेसप्लेट म्हणतं, कोणी फ्लँज, कोणी वेफर. आपण ती घाईघाईने काढतो, नाक मुरडून पिशवीत गुंडाळतो आणि टाकून देतो. पण मल कुठून शिरला आणि कुठवर गेला याचा नकाशा तिच्या पाठीवरच उमटलेला असतो.

काढण्याआधी बॉलपेनने प्लेटच्या वरच्या कडेवर एक रेघ मारा आणि बेंबीच्या बाजूला एक टिंब काढा. हे विसरू नका, कारण प्लेट उलटली की डावं-उजवं बदलतं आणि खुणेशिवाय अंदाज हमखास चुकतो. मग प्लेट उजेडात उलटी धरा. चिकट थर जिथे पांढरट, फुगलेला, लिबलिबीत झालाय किंवा विरघळून गेलाय, तिथे ओल पोचली होती. जिथे तपकिरी-हिरवट ओघळ दिसतो तो गळतीचा रस्ता. त्याच वेळी त्वचा बघा. प्लेटवरचा डाग आणि त्वचेवरची लाली समोरासमोर येतात. दर वेळी फोटो काढला तर चार-पाच प्लेटांत काहीतरी ठरावीक दिसू लागतं. जागा सांगायला घड्याळ वापरायचं: डोक्याकडे बारा, पायाकडे सहा, तुमच्या डाव्या हाताकडे तीन. स्टोमा उजवीकडे असेल तर बेंबी साधारण तीनच्या बाजूला येते.

छिद्राभोवती सगळीकडून सारखंच खाल्लेलं दिसलं, तर बहुधा छिद्र मोठं कापलंय. ऑपरेशननंतर पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमा सुजलेला असतो आणि हळूहळू लहान होत जातो. पहिल्या दिवशी दिलेला साचा तीन महिन्यांनंतरही वापरणारे लोक मला भेटले आहेत, मीही त्यांतलीच. स्टोमा आणि छिद्राची कड यांत दोन ते तीन मिलिमीटरच फट असावी. त्याहून जास्त उघडी राहिलेली त्वचा रोज मलात भिजते. त्या भिजलेल्या पट्ट्यावर कालांतराने करड्या-पांढऱ्या, चामखिळीसारख्या, दुखऱ्या गाठी येतात आणि मग प्लेट सपाट बसतच नाही. स्टोमा लंबगोल असेल तर छिद्रही लंबगोल कापा. गोल छिद्र कापलं की दोन्ही बाजूंना चंद्रकोरी उघड्या राहतात. पहिले दोन महिने दर आठवड्याला मोजा, पुढे वजन बदललं की मोजा. उलट टोकाची चूकही होते: छिद्र इतकं घट्ट की कड स्टोमाला घासते. स्टोमाला वेदना कळत नाही. त्यामुळे कापलं गेलं तरी दुखणार नाही, रक्त दिसेल तेव्हाच समजेल. पुसताना थोडं रक्त येणं साधं आहे, कारण तिथल्या रक्तवाहिन्या अगदी वरवर असतात. घर्षणाने पडलेली चीर मात्र वेगळी.

एकाच दिशेला ओघळ असेल तर त्या दिशेला पोटावर घडी किंवा खळगा आहे असं समजा. आडवं पडून हे कधीच दिसत नाही. माझी प्लेट दवाखान्यात नेहमी मी झोपलेली असताना लावली जायची आणि घरी मीही तेच शिकले. ओघळ दर वेळी तीनच्या दिशेला. शेवटी एके दिवशी आरशासमोर पिशवी न लावता खुर्चीत बसून पाहिलं. बसल्याबरोबर बेंबीपासून स्टोमापर्यंत एक खोल आडवी घडी पडत होती आणि प्लेटची कड नेमकी तिच्यावर उचलली जात होती. म्हणजे जेवायला बसले की गळती सुरू. तुम्हीही उभं राहून, बसून, वाकून आणि कुशीवर वळून, अशा चारही अवस्थांत पोट पाहा. घडी सापडली की ती भरायची. बॅरिअर रिंग, म्हणजे फट बुजवायचं मऊ चिकट कडं, तिचा तुकडा तोडून बोटांनी मऊ करा, त्या जागी दाबा आणि वर प्लेट लावा. पेस्टही चालते, पण पेस्ट म्हणजे डिंक नव्हे. भिंतीतली चीर बुजवायला लांबी भरतात तसं तिचं काम. जास्त थापली तर प्लेट उलट घसरते. बऱ्याच पेस्टमध्ये अल्कोहोल असतं, सोललेल्या त्वचेवर ती आग आग करते. लावल्यावर मिनिटभर सुकू द्यावी.

सहाच्या दिशेचा ओघळ बऱ्याच लोकांना सतावतो. तोटीचं तोंड खाली वळलेलं असतं, किंवा खालची त्वचा लोंबत्या पोटामुळे आपल्याला दिसत नाही आणि प्लेट आंधळेपणाने लावली जाते. मांडीवर छोटा आरसा ठेवला की अर्धं काम होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी कॉन्व्हेक्स प्लेट असते. तिची पाठ फुगीर असते, ती स्टोमाभोवतीची त्वचा हलकेच आत दाबते आणि तोटी वर येते. जोडीला बेल्ट लावला तर पकड चांगली राहते. पण कॉन्व्हेक्स प्लेट स्वतःच्या मनाने सुरू करू नये. हर्निया असेल किंवा यकृताच्या आजारामुळे स्टोमाभोवती शिरा फुगलेल्या असतील तर त्या दाबाने जखम किंवा मोठा रक्तस्राव होऊ शकतो. ही निवड स्टोमा नर्सबरोबर, म्हणजे स्टोमाची काळजी शिकवणाऱ्या नर्सबरोबर, बसूनच करा.

पिशवीचं वजनही मोजा. पूर्ण भरलेली पिशवी प्लेटला खालून ओढते. एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, फार तर अर्धी. दिवसाला पाच ते आठ वेळा जावं लागतं, ते नेहमीचंच आहे. गॅसने फुगलेली पिशवीही प्लेट सोडवते, आणि झोपेत ते लक्षात येत नाही.

आता समजा, छिद्राजवळ सगळं स्वच्छ आहे आणि प्लेट बाहेरच्या कडेने सुटते. मग मलाला दोष देऊ नका, त्वचा बघा. तिच्यावर तेल, मलम, सुगंधी साबणाचा थर, ओल्या वाइपचं लोशन किंवा नुसतं पाणी राहिलेलं असतं. कोमट पाणी पुरतं. साबण वापरायचाच तर साधा, आणि तो पूर्ण धुवून काढायचा. केस असतील तर ते काळजीपूर्वक काढायचे. ते प्लेटबरोबर उपटले गेले की मुळाशी पुरळ येते.

सोललेली त्वचा आणि तिचं चक्र

ओल्या त्वचेला प्लेट चिकटत नाही. न चिकटल्याने गळते, गळल्याने त्वचा आणखी सोलते आणि ओली होते. हे चक्र मलम लावून तुटत नाही, कारण मलमावर काहीच टिकत नाही. त्यावर स्टोमा पावडर आणि बॅरिअर फिल्म (त्वचेवर सुकून पातळ संरक्षक पापुद्रा होणारं द्रव) यांचा थरावर थर द्यायचा असतो. फक्त सोललेल्या, पाझरणाऱ्या जागेवर पावडर भुरभुरायची, ती ओल शोषून घेते. जादा पावडर मऊ कापडाने झटकायची. हा ‘झटकायचा’ भाग सगळे विसरतात आणि मग प्लेट पावडरीला चिकटते, त्वचेला नाही. त्यावर अल्कोहोल नसलेली फिल्म हलक्या हाताने टिपायची, चोळायची नाही. सुकू द्यायची. पुन्हा पावडर, पुन्हा फिल्म, असं दोन-तीनदा. कोरडी, किंचित खरखरीत पापडी तयार होते आणि तिच्यावर प्लेट बसते. गळती खरंच थांबली असेल तर त्वचा काही दिवसांतच बरीच सुधारते. त्वचा सुधारल्यावर पावडर बंद करा. चांगल्या त्वचेला तिचा उपयोग नाही.

सगळी लाली गळतीची नसते. बारीक पुटकुळ्या मुख्य लालीच्या बाहेर विखुरलेल्या दिसत असतील आणि खाज खूप असेल, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्याला बुरशीविरोधी पावडर लागते. लाली नेमकी प्लेटच्या आकाराची, कडा आखल्यासारखी असेल तर चिकट पदार्थाची अॅलर्जी तपासा. आणि जांभळट, आतून पोखरलेल्या कडांची, फार दुखणारी, भराभर वाढणारी जखम दिसली तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. आतड्याच्या दाहाचा आजार असलेल्यांना पायोडर्मा नावाची अशी जखम होते. तिच्यावरचे उपचार पूर्ण वेगळे आहेत.

बदलण्याची वेळ आणि पद्धत

सकाळी, काही खाण्या-पिण्याआधी बदला. तेव्हा स्टोमा सर्वांत शांत असतो. साधारण तीन-चार दिवसांनी, म्हणजे आठवड्यातून दोनदा, वार ठरवून बदला. गळायची वाट बघत प्लेट सात दिवस ओढण्यात काही मिळवलेलं नसतं. जुनी प्लेट ओढून काढायची नाही. एका हाताने प्लेटची कड धरायची आणि दुसऱ्या हाताने त्वचा तिच्यापासून खाली दाबत न्यायची. नवी प्लेट लावण्याआधी मिनिटभर काखेत किंवा तळहातांत धरून कोमट करा, लावताना पाठ सरळ ठेवा. आधी छिद्राभोवतीची कड बोटाने दाबा, मग बाहेरच्या बाजूला जा. शेवटी चार-पाच मिनिटं तळहात तसाच ठेवा. प्लेटचा थर उबेने मऊ होऊन त्वचेच्या बारीक रेषांत बसतो. या पाच मिनिटांनी मला जितका फायदा झाला तितका कोणत्याही महागड्या वस्तूने झाला नाही.

साठा सावलीत, थंड जागी ठेवा. उन्हात उभ्या गाडीत तापलेल्या प्लेटचा चिकट थर बिघडतो, बाहेरून ते कळत नाही.

प्लेट रोज विरघळते, पण आकार-घडी सगळं ठीक आहे

मग आतून काय येतंय ते बघायला हवं. आतडं स्थिरावल्यावर दिवसाला साधारण ५०० ते १००० मिलिलिटर मल येतो, लापशीइतका दाट. दीड लिटरच्या वर जात असेल तर तो जास्त समजतात. पाण्यासारखं आउटपुट, म्हणजे स्टोमातून येणारा मल, कोणतीही प्लेट फार काळ पेलत नाही. दोन दिवस मोजपात्रात मोजून लिहून ठेवा. अंदाज फसवा असतो. मी ‘थोडं जास्त’ म्हणत होते, मोजलं तर १८०० निघालं.

इथे जवळजवळ प्रत्येकाची एक चूक होते: तहान लागते म्हणून साधं पाणी पीत राहणं. या मलात लिटरमागे सुमारे १०० मिलिमोल (क्षार मोजायचं एकक) सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, बाहेर जातं. मोठं आतडं हे मीठ आणि पाणी परत शोषायचं, ते आता नाही. मीठ नसलेलं पाणी, चहा, फळांचा रस भरपूर प्यायलात की लहान आतड्याच्या वरच्या भागात शरीरातलंच मीठ त्या पाण्यात ओढलं जातं आणि सगळं मिळून पिशवीत येतं. जितकं प्यावं तितकं जास्त आउटपुट, आणि तहान तशीच. आउटपुट जास्त असताना साधे द्रव कमी करून मीठ-ग्लुकोजचं द्रावण प्यायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या ओआरएसमध्ये लिटरला ७५ मिलिमोल सोडियम असतं. खूप आउटपुट असलेल्यांना डॉक्टर ९० किंवा त्याहून अधिक सोडियमचं द्रावण सांगतात. साधे द्रव किती आणि द्रावण किती हे त्यांच्याकडून ठरवून घ्या, विशेषतः हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर. चक्कर, पायांत गोळे, तोंड कोरडं, लघवी थोडी आणि गडद, ही मीठ-पाणी कमी पडल्याची लक्षणं. असंच वर्षानुवर्षं चाललं तर मुतखडे होऊ शकतात. लघवीतलं सोडियम तपासलं की शरीर मीठ किती धरून ठेवतंय ते कळतं. ही साधी तपासणी आहे, डॉक्टरांना विचारा.

भात, केळं, उकडलेला बटाटा, पाव यांनी मल दाट होतो. जेवण आणि भरपूर पिणं यांत थोडं अंतर ठेवलं तर बऱ्याच जणांना फरक पडतो. लोपेरामाइड, म्हणजे आतड्याची हालचाल मंदावणारं औषध, डॉक्टर सुचवतात तेव्हा ते जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचं असतं, जेवणानंतर नाही. पण आउटपुट अचानक वाढलं असेल तर आधी कारण शोधा. नवीन अँटिबायोटिक, पोटाचा संसर्ग, मूळ आजार पुन्हा उफाळणं, किंवा आतड्यात अर्धवट अडथळा असणं, यांतलं काहीही असू शकतं. संसर्ग किंवा अडथळा असताना स्वतःच्या मनाने लोपेरामाइड घेणं धोक्याचं आहे.

पिशवीत अख्ख्या गोळ्या दिसल्या तर ती गोळी तुमच्यापर्यंत पोचलेलीच नाही. हळूहळू विरघळणाऱ्या आणि विशिष्ट आवरणाच्या गोळ्यांना आपल्या आतड्यात पुरेसा वेळ मिळत नाही. त्या कुटून घेऊ नका, औषधाचं दुसरं रूप लिहून मागा. जुलाब करवणारं, पोट साफ करायचं औषध आपल्याला कुठल्याही कारणाने नको. नव्या डॉक्टरांना, दुसऱ्या तपासणीच्या तयारीतसुद्धा, हे स्वतःहून सांगा.

रात्रीच्या गळतीसाठी शेवटचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी घ्या, झोपताना पिशवी रिकामी करा आणि मध्यरात्री एकदा गजर लावा. गजर लावून उठणं ओल्या चादरीत उठण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. पुढे शरीर स्वतःच त्या वेळी जागं होतं.

यावर घरी प्रयोग करू नका

चार ते सहा तास काहीच आलं नाही, पोटात कळा येताहेत, स्टोमा सुजलाय, किंवा फक्त दुर्गंधीचं पाणी येतंय: हा अडथळा आहे. बहुधा मका, मशरूम, खोबरं, दाणे, सुकामेवा किंवा संत्र्याची साल नीट न चावता गिळली गेलेली असते. उलटी नसेल तर खाणं थांबवा, कोमट द्रव घोट घोट घ्या, गुडघे छातीशी घेऊन पडा, स्टोमाभोवती हलकं चोळा. स्टोमा सुजला असेल तर मोठ्या छिद्राची प्लेट लावा. उलटी सुरू झाली, कळा वाढल्या, किंवा काही तासांत मोकळं झालं नाही तर रुग्णालयात जा, आणि गेल्या गेल्या ‘इलिओस्टॉमी आहे’ हे शब्द उच्चारा. स्टोमा लालसर-गुलाबी आणि ओलसर असावा. जांभळा, काळपट किंवा फिका पडला, रक्त थांबेना, उभं राहिलं की अंधारी येते, यांपैकी काही झालं तरीही रुग्णालयात जा.

बरं चाललेलं असताना महिन्या-वर्षाने पुन्हा गळती सुरू होते तेव्हा पोटाचा आकार बदललाय का ते पाहा. वजन चार-पाच किलो वाढलं किंवा उतरलं तरी घड्या हलतात. खोकताना स्टोमाभोवती फुगवटा येत असेल तर हर्निया असू शकतो. सपाट पोटावर बेतलेली कडक प्लेट त्या फुगवट्यावर बसत नाही, तिथे मऊ लागते. ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन महिने जड उचलायचं नाही. खोकताना, शिंकताना स्टोमावर हात दाबून धरायचा. पुढे पोटाचे हलके व्यायाम आणि आधाराचा पट्टा याबद्दल सर्जनना विचारून सुरू करायचं.

परत बाहेर पडणं

गळती कमी झाली तरी धास्ती लगेच जात नाही. मला ती घालवायला मोजमाप लागलं. सलग तीन प्लेटा तीन-तीन दिवस टिकल्या, तेव्हा मी दोन तासांसाठी बाहेर पडले. पुन्हा तीन टिकल्या, तेव्हा अर्धा दिवस. मग रात्रीचा मुक्काम. यात घाई करू नका, आणि मधे एखादी गळली तर पहिल्यापासून सुरुवातही करू नका. त्या प्लेटचं कारण बघा आणि पुढे चला. घरच्यांना सांगावंसं वाटतं: ‘काही होत नाही, चल’ असं म्हणू नका, आणि ‘नको, घरीच थांब’ असंही नको. विचारा, ‘बदलायचं सामान घेतलंस?’ एवढं पुरतं.

सामानाची पिशवी कायम तयार ठेवा: आधीच कापलेल्या दोन प्लेटा, पिशव्या, रिंग, कापड, कचऱ्याची पिशवी, एक जोड कपडे, ओआरएसची पाकिटं. प्रवासात ती हातात ठेवा, सामानाच्या डब्यात टाकू नका. गाडीचा पट्टा स्टोमावरून जात असेल तर छोटी उशी मधे धरा. अंघोळ पिशवीसह किंवा पिशवीशिवाय, दोन्ही चालते. पाणी आत जात नाही. पोहणंही जमतं, आधी पिशवी रिकामी करा. जोडीदाराशी जवळीक पुन्हा सुरू करणं सगळ्यात उशिरा आलं, आणि तेही बोलल्यामुळे. पिशवी रिकामी, वर कापडी आवरण, आणि ‘गळली तर थांबू’ असं आधी ठरलेलं. गुदद्वाराच्या जागी ऑपरेशन झालेल्यांना बसताना वेदना किंवा पूर्वीसारखी शौचाची भावना महिनोन्‌महिने राहते. मज्जातंतूंची ती जुनी ओळख असते, भास म्हणून घाबरू नका. पण संबंधात दुखत असेल तर सहन न करता सांगा.

हे सगळं करूनही आठवड्यातून दोनदा गळत असेल तर स्टोमा नर्सकडे जा. हा व्यवसायच एका रुग्णापासून सुरू झाला. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकचे सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ मध्ये, स्वतः इलिओस्टॉमी असलेल्या नॉर्मा गिल यांना इतर रुग्णांना शिकवण्यासाठी सोबत घेतलं. तिथून स्टोमा थेरपिस्ट हे काम उभं राहिलं. जाताना नव्याकोऱ्या प्लेटची खोकी नेऊ नका. काढलेल्या शेवटच्या तीन प्लेटा, रेघ आणि टिंबासकट, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून न्या. सोबत दोन दिवसांच्या आउटपुटचे आकडे. आणि तपासायला आडवं व्हायला सांगितलं तर आधी म्हणा, ‘मला बसलेलं बघा.’